हिवरसांगवीची झील

हिवरसांगवीच्या वेशीबाहेर, ओढा ओलांडून चढ चढून माळावर आलं की डाव्या हाताला दोन दगड लागतात. एक उंच, ऐसपैस, माणसांच्या पायांनी वरून गुळगुळीत झालेला. दुसरा त्याच्या पाठीशी, हातभर खाली, काळा आणि ओबडधोबड. शेंदूर नाही, छत्री नाही, पाटीही नाही. नव्या माणसाला वाटतं, कुणाच्या पडक्या घराचा चौथरा असेल. बरेच जण त्या खालच्या दगडावर टेकून चपलेतला खडा काढायला लागतात. गावातलं कुणी बघत असलं तर लगेच हाक येते, "अहो पाव्हणं, तिथं बसायचं नसतं, उभं राहायचं असतं. आणि तेही तुमचं काम न्हाई. तुम्ही काय आमदार लागून गेलात?"

पाव्हणा हसतो, उठतो, आणि मग त्याला गोष्ट ऐकावीच लागते.

फाल्गुनातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपार कलायला लागली की उंच दगडावर डफ घेऊन शाहीर उभा राहतो. खालच्या दगडावर उभा राहतो तो त्या दिवशी गावात हजर असलेला सगळ्यांत मोठ्या अधिकाराचा माणूस. सरपंच असेल तर सरपंच, आमदार आला तर आमदार, मंत्री आला तर मंत्री. त्याला हार नाही, खुर्ची नाही, भाषण तर नाहीच. पायताण काढून त्याने शाहिराच्या मागे उभं राहायचं आणि झील धरायची. पोवाड्यात शाहिराचा दम जिथे सरतो, तिथे मागचा गडी सूर उचलतो आणि पडू देत नाही. तो सूर म्हणजे झील, आणि धरणारा तो झीलकरी. म्हणजे त्या दिवशी मोठ्यांतल्या मोठ्याने मागचा गडी व्हायचं. हे कसं सुरू झालं, ते असं सांगतात.

साल विचारू नका. कुणी सात पिढ्या म्हणतं, कुणी दहा. गावात त्या वेळी भिवबा नावाचा शाहीर होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर त्याने डफ शेकून घेतला आणि थाप मारली की ओढ्यापलीकडच्या म्हशी चरायच्या थांबून माना वर करत, असं म्हणतात. बायको सगुणा. एकच मुलगा, येसू, बाविशीतला. तोच बापाचा झीलकरी. बापाचा दम कोणत्या शब्दावर सरणार हे त्याला बापाच्या आधी कळे. भिवबा म्हणायचा, "माझी अर्धी छाती मी ह्याच्याकडं ठेवायला दिलीय."

शेजारी मान्यांची ठकूबाई. मधे एकच कुडाची भिंत. भिवबाच्या घरात आमटीला फोडणी कशाची पडली हे ठकूबाईला सगुणेच्या आधी कळायचं. तिचा मुलगा सटवा, नुकतं लग्न झालेला.

गावचे जहागीरदार सुभानराव. वाईट माणूस नव्हता, हे सांगणारे आवर्जून सांगतात. दुष्काळात त्यांनी आपल्या पेवातलं धान्य गावाला उघडं केलं होतं. पण एका वर्षी वरच्या दरबारातून हुकूम आला. उत्तरेकडे मोठी मोहीम निघायची होती, राज्यातल्या प्रत्येक जहागिरीने माणसं द्यायची. सुभानरावांनी दवंडी पिटली. चौघे जण आले. त्यांतला एक नीट ऐकू न येणारा होता.

सुभानरावांनी भिवबाला बोलावणं धाडलं. "भिवबा, ह्या माळावर उभा राहा आणि गा. एकेक गडी उठला की त्याचं नाव घे. फत्ते करून आला, हातात सोन्याचं कडं घालून आला, असं गा."

भिवबा चपापला. शाहिरांची एक चाल होती, बापजाद्यांपासूनची. रणात निघालेल्या माणसाचं नाव डफावर घ्यायचं नाही. तो जितेपणी परत येऊन उंबऱ्यात उभा राहिला, त्याच्या पायांवर पाणी पडलं, की मग घ्यायचं. तोवर नाव घरच्या बायकांचं, डफाचं नव्हे.

"धनी, आधी नाव घेत न्हाईत," तो म्हणाला.

"अरे, येणारच आहेत परत! आज गायलास काय आणि सहा महिन्यांनी गायलास काय!"

भिवबा गायला. आणि खरं बोलायचं तर त्यालाही ते गोड लागलं. चार गावची माणसं माळावर लोटली होती. एकेक जवान उठायचा, भिवबा त्याचं नाव बांधायचा, येसू झील धरायचा आणि माणसं डोक्यावरची पागोटी उडवायची.

आला आला हो मान्याचा सटवा, जी जी जी,
सोन्याचं कडं, गळ्यात गाठवा, जी जी जी!

सटवा उठला तेव्हा ठकूबाईला हंबरडा फोडावासा वाटला. पण चारचौघांत रडता कसं येईल? तीस जण झाले तेव्हा तिला राहवलं नाही. तिने पदर खोचला आणि मोठ्याने बोलली, "तीस घरची पोरं निघाली. शाहिराचं पोरगं काय नुसतं जी जी करायलाच जन्माला आलंय का?"

माळभर हशा पिकला. येसूसुद्धा हसला. मग त्याने हातातलं तुणतुणं खाली ठेवलं आणि उठलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

भिवबाने तिथे थांबायला हवं होतं. पण चाल रंगात होती, हात थापेवर होता, चार गावं तोंडाकडे बघत होती. हात थांबला नाही. त्याने पोटच्या पोराचं नाव घेतलं, सोन्याच्या कड्यासकट. गर्दीत सगुणा उभी होती. ती डोक्यावरचा पदर ओढून घराकडे चालू लागली. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली.

बंद म्हणजे अगदी बंद. भाकरी वाढायची, अंथरूण घालायची, पण शब्द नाही. मग मधे ठकूबाई. भिंतीवरून तिचं तोंड यायचं.

"शाहीर, सगुणा इचारतीय, पाणी तापलंय, अंघूळ करायची का?"

"तिला म्हणावं, तोंड हाय तर तूच इचार."

"ते मी न्हाई सांगणार. तिच्या हातात उलथनं हाय."

असे हसूनखेळून आठ महिने गेले, पण हसणं वरवरचं होतं. सकाळी जात्यावर बसल्या की बायका ओव्या गात. त्यात मुलाचं नाव, भावाचं नाव, त्याची वाट, त्याचा घोडा. भिवबा अंथरुणात पडून ऐकायचा. त्याने डफावर घेतलेलं प्रत्येक नाव त्याला जात्याच्या घरघरीत परत ऐकू यायचं, फक्त सोन्याच्या कड्याशिवाय.

नवव्या महिन्यात मिठाचे बैल घेऊन लमाणांचा तांडा आला. उत्तरेकडून येत होता. तांड्याचा नायक विहिरीवर पाणी प्यायला आणि गावाचं नाव विचारलं. सांगितल्यावर हातातला तांब्या त्याने खाली ठेवला. म्हणाला, "सांगवीच्या निशाणाखाली कुणी उरलं नाही, बाई. आम्ही त्या माळावरून दोन दिवस चाललो. बैल पुढं पाय टाकीनात."

लमाणाला खोटं सांगून काय मिळणार होतं? गाव समजलं. पण बायकांनी ऊर बडवून घ्यायच्या आत, तिसऱ्याच दिवशी, माणसं घेऊन मोहिमेवर गेलेले सुभानराव आठ स्वारांनिशी गावात परतले. त्यांच्यामागोमाग दरबाराचं पत्र आलं : मोहीम फत्ते झाली, नौबत वाजवा, साखर वाटा.

साखर वाटली गेली. बायकांनी ती पदरात घेतली आणि घरी जाऊन कोनाड्यात ठेवली. कुणाच्या घशाखाली उतरली नाही. ठकूबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा सुभानराव म्हणाले, "जे आले नाहीत ते फौजेत आहेत. फत्ते झाल्यावर रडतो कोण? ते म्हणजे दरबाराला खोटं पाडणं झालं." आणि हुकूम निघाला. दरबाराकडून यादी येईपर्यंत कुणी सुतक धरायचं नाही, दहावा नाही, बांगडी फोडायची नाही, कुंकू पुसायचं नाही. विहिरीवर पहारा बसला. पाण्याला येणारीचं कपाळ आणि मनगटं बघून सोडत.

एकतीस घरांत मग काय झालं, ते कसं सांगायचं? बाई सवाशीणही नाही आणि विधवाही नाही. ठकूबाईची सून रोज सकाळी कुंकू लावायची आणि आरसा पालथा ठेवायची. जाती फिरायची, पण ओव्या थांबल्या. गायचं काय? सटवा येतोय म्हणावं तर जीभ उचलत नव्हती, गेला म्हणावं तर पहारा. पहाटे गावभर नुसती दगडावर दगडाची घरघर. भिवबाला ती ऐकवत नसे. तो कानांवर घोंगडं घ्यायचा.

फाल्गुन लागला. दरबाराला आणखी माणसं हवी होती. सुभानरावांनी पुन्हा भिवबाला बोलावलं.

"शनिवारी माळावर फत्तेचा पोवाडा होऊ दे. आणि वीस नावं पाहिजेत. नवी."

"धनी, डफ सर्दावलाय."

"मग शेक."

"आणि न्हाई गायलो तर?"

सुभानराव त्याच्याकडे बघत नव्हते. तिकडे तोंड करूनच म्हणाले, "तर डफाचा हात राहणार नाही. मला भाग पाडू नको, भिवबा."

भिवबा घरी आला. सगुणा चुलीपाशी होती. त्याने भिंतीकडे तोंड करून हाक मारली, कारण तशी सवयच पडली होती. "ठके, तिला सांग. गायलो तर हात राहील. न्हाई गायलो तर जाईल. काय करू, ते इचार."

भिंतीवरून ठकूबाईचं तोंड आलं, पण निरोप तिने पुढे दिला नाही.  म्हणाली, "शाहीर, त्या दिवशी माझी जीभ झडली असती तर तुमचा येसू..."

"तू एक वाक्य बोललीस, ठके. मी दिवसभर गायलो."

सगुणेने दोघांचंही ऐकलं. उठली. अकरा महिने खुंटीला टांगलेला डफ तिने खाली काढला, पदराने पुसला, आणि बाहेर गोवऱ्या पेटवून स्वतः शेकत बसली. असं शेकणं तिने कधी केलं नव्हतं. ते येसूचं काम. भिवबा बघत राहिला. गा म्हणते हे कळलं. काय गा म्हणते ते कळलं नाही.

शनिवारी माळ भरला, पण पहिल्यासारखा नाही. पुढे बायका बसल्या होत्या, कुंकू लावून, हातभर बांगड्या घालून, पहारेकऱ्यांनी तपासून सोडलेल्या. बाजूला सुभानरावांची गादी घातली होती. भिवबा उंच दगडावर चढला. मागे झीलकऱ्याचा दगड मोकळा होता.

त्याने थाप मारली. असं सांगतात की डफ बोलला नाही. इतका शेकलेला, उन्हात तापलेला, तरी मुका. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग भिवबाने डोळे मिटले आणि चौथ्या थापेला तोंड उघडलं.

गेला गेला हो मान्याचा सटवा...

आणि म्हणे डफ असा वाजला की ओढ्यातले बगळे उठले.

ओळीपुढे झिलेची जागा आली. झील धरणारं कुणी नव्हतं. ऐकणाऱ्याला तिथे जी जी ऐकायची इतकी सवय असते, की ती न आल्यावर अंधारात पायरी हुकावी तसं झालं. माळावर वारा तेवढा वाजला. ठकूबाईने तोंडात पदर कोंबला. भिवबा तेवढा वेळ थांबला, आणि दुसरं नाव घेतलं. पुन्हा जागा मोकळी. तिसरं. तो कुणाला वाघ म्हणाला नाही, सिंह म्हणाला नाही. कुणाचा कोण, एवढंच.

नवव्या नावाला सुभानराव उठले. "बंद कर! पहारा, त्याला खाली ओढा!"

पहारेकरी जागचा हलला नाही. म्हणाला, "धनी, अकरावं नाव होऊ द्या. तो माझा भाऊ हाय."

अकरावं नाव झालं. पहारेकऱ्याने भाला जमिनीवर आडवा ठेवला आणि त्याच्याशेजारी बसला. त्यानंतर त्याला कुणी काही सांगितलं नाही. सुभानराव उभेच राहिले.

तीस नावं झाली. उरलं एक. भिवबाने डफ वर उचलला, आणि छातीत श्वासच नव्हता. ओठ हलले, आवाज फुटेना. शाहिराचा दम सरला की मागून उचलणारा जो असतो, त्याचंच तर ते नाव होतं. डफ वर तसाच धरून तो उभा राहिला.  एकाही माणसाने त्याला आवाज दिला नाही, कारण ते काम गर्दीचं नव्हतं.

तेव्हा सुभानराव गादीवरून पुढे आले. का आले, ह्यावर गावात अजून वाद आहेत. कुणी म्हणतं लाज वाटली, कुणी म्हणतं माळाला घाबरले, कुणी म्हणतं रणातून आल्यापासून झोप नव्हती माणसाला. त्यांनी जोडे काढले, मागच्या काळ्या दगडावर चढले आणि पुटपुटले, "येसू."

"ऐकू आलं न्हाई."

सगळ्यांनी वळून बघितलं. सगुणा बोलली होती. अकरा महिन्यांनी. "पुन्हा म्हणा."

"येसू," सुभानराव मोठ्याने म्हणाले. "भिवबाचा येसू."

"कसा गेला?"

सुभानरावांनी पागोटं काढून हातात घेतलं. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही, बाई. मी रण सोडलं तेव्हा तो जिवंत होता. सगळेच जिवंत होते."

एवढंच. पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही. फत्ते कसली, यादी कसली, सगळं त्या एका वाक्यात मातीत गेलं. ठकूबाईची सून उठली, झीलकऱ्याच्या दगडापाशी गेली आणि सुभानरावांच्या पायांजवळ दगडाच्या कडेवर दोन्ही मनगटं आपटली. मग दुसरी आली. मग तिसरी. काचेचा तो खळखळाट माळभर गेला, आणि ज्यांनी ऐकला ते सांगून गेले की त्या दिवसाची झील तीच. सुभानराव खाली उतरले नाहीत. बायकांचं संपेपर्यंत त्यांनी उतरूही नये, असं भिवबाच म्हणाला म्हणतात.

वीस नावं काही मिळाली नाहीत. दरबाराने सुभानरावांची जहागीर काढून घेतली. पण ते जिवंत असेतो दर फाल्गुनात चालत यायचे आणि त्या दगडावर उभे राहायचे. भिवबाने पुढे एकतीस नावांखेरीज डफावर काही घेतलं नाही. लग्नाकार्याची बोलावणी आली तरी हात जोडायचा.

सगुणा पुन्हा बोलली का, हे पाव्हणे हमखास विचारतात. बोलली. मीठ कमी पडलंय का, दार लावलं का, थंडी वाजतेय तर घोंगडं घ्या, इतपत बोलली. ठकूबाईला मधे पडावं लागलं नाही. पण येसूचं नाव मरेपर्यंत दोघांनी एकमेकांसमोर घेतलं नाही. ते वर्षातून एकदा माळावर, तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचे आणि मुकाट घरी यायचे, एकापाठी एक.

आजही फाल्गुनातल्या दुसऱ्या शनिवारी हे असंच होतं. एकतीस नावांची आता अडतीस झाली आहेत. मधल्या काळात ज्या ज्या लढाईत गावचा माणूस गेला, त्याचं नाव शेवटी जोडलं गेलं. भिवबापासून जुनी चाल उलटली, नाव घरी परत आलेल्याचं घेत नाहीत, न आलेल्याचंच घेतात. आणि आजही शेवटच्या नावाला शाहीर थांबतो. ते एकट्या झीलकऱ्याने म्हणायचं, आणि ज्या घरचं ते नाव, त्या घरची बाई पुढे बसलेली असते.

अडतिसावं नाव अविनाशचं. सरहद्दीवर कामी आला त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी मोठे मंत्री आले होते. गाड्या ओढ्याच्या काठाला चालूच ठेवलेल्या, सोबतचा माणूस सारखं घड्याळ बघत होता. मंत्र्यांनी जोडे काढले, दगडावर चढले आणि खिशातल्या चिठ्ठीवर बघून नाव वाचलं. पुढे अविनाशची आई शेवंताबाई बसली होती. ती म्हणाली, "ऐकू आलं न्हाई. पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. ती तेच म्हणाली. त्यांनी सभेतल्यासारखा आवाज चढवला, तरी ती तेच म्हणाली. सोबतचा माणूस पुढे सरसावला, तर लोकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं. पाचव्यांदा मंत्र्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली. सहाव्यांदा त्यांनी तिच्याकडे बघितलं. सातव्यांदा नाव अर्ध्यावर आलं आणि त्यांचा आवाज फाटला.

"आता आलं," शेवंताबाई म्हणाली. आणि उठून, पदर सारखा करून, घराकडे चालू लागली.